बापाचं हत्यार

पाहुण्यानं दोन रायफली आणल्या होत्या. त्या पेटीतून बाहेर निघतात न निघतात तोच ग्वातिझोनं त्यांची नावं ठरवून टाकली. जाड काळ्या नळीची चारशेअठ्ठावन्न बोअरची ती थोरली, आणि तिच्याहून बारीक, दस्त्याचं लाकूड हाताळून झिजलेली तीनशेपंचाहत्तर ती धाकटी.

“बघ मोयो,” तो ताकाविराला म्हणाला, “दोन बायका घेऊन आलाय. नांदतो कुणाशी ते बघायचं.”

“हळू बोल. क्रेगला सगळं कळतं.”

“कळू दे की. त्याला तर एकसुद्धा मिळेना.”

क्रेग जवळच उभा होता, तो हसला. कॅम्प त्याचा होता. चार वर्षांपूर्वी त्याचा बाप वारला आणि कॅम्प, गाड्या, परवाना सगळं त्याच्याकडं आलं. तो गोरा असला तरी ताकाविराच्या पाठीवर झोपून मोठा झालेला पोरगा, शोना भाषा गावातल्या माणसासारखी बोलायचा, आणि ताकाविराला ‘सेकुरू’ म्हणायचा, जसं आपल्या आजोबांना म्हणतात.

ताकाविरा आणि ग्वातिझो दोघे साठीच्या आसपासचे. झांबेझीच्या खोऱ्यात शिकाऱ्यांना माग काढून द्यायचं काम दोघांनी अठ्ठावीस वर्षं याच कॅम्पवर केलं होतं. ताकाविराचं देवक मोयो, म्हणजे काळीज. ग्वातिझोचं शुंबा, म्हणजे सिंह. ते एकमेकांना देवकाच्याच नावानं हाक मारत. शिवाय त्यांच्या घराण्यांत आज्यापासून साहविरापण होतं. साहविरा म्हणजे नुसता दोस्त नव्हे. साहविरानं घरात शिरून तुमच्या चुलीवरचं उचलून खावं, चारचौघांत तुमच्या बापाचा उद्धार करावा, आणि तुम्ही रागवायचं नाही. रागावलात तर चूक तुमची.

मागावर चालताना ग्वातिझो सगळ्यांत पुढं असे. जमिनीवरची त्याची नजर पक्की होती, मोडलेल्या गवताच्या काडीवरून तो जनावर किती वेळापूर्वी गेलं ते सांगायचा. त्याच्यामागं रायफल टेकवायचं तिकाटणं घेऊन ताकाविरा, मग क्रेग, मग पाहुणा. म्हणजे जखमी रानरेडा झाडीत दबा धरून उभा असला, तर त्याची पहिली गाठ ग्वातिझोशी. पाहुण्याच्या हातात कोणती रायफल असावी ही गोष्ट ग्वातिझो थट्टेवारी नेत होता खरा, पण जीव त्याचाच टांगणीला लागलेला असायचा.

पाहुण्याचं नाव लेस्टर. अमेरिकेतून आला होता. पन्नाशीचा, अंगानं सडसडीत, बोलायला गोड. सकाळी उठून स्वयंपाक्याशीसुद्धा हात मिळवायचा. त्याला म्हातारा रेडा मारायचा होता, कळपातून बाहेर पडून चिखलात लोळत दिवस काढणारा.

पहिल्या दिवशी नेम तपासायचा, ही जुनी रीत. पन्नास पावलांवर वारुळाला कागद टोचला. लेस्टरनं आधी धाकटी घेतली आणि तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं एका बशीत मावतील अशी लागली.

“ही बाई गुणाची आहे,” ग्वातिझो म्हणाला.

मग थोरली. तिची गोळी पाचशे ग्रेन वजनाची, धाकटीच्या जवळजवळ दुप्पट, आणि काडतूस बोटाएवढं जाड. पहिला बार झाला तेव्हा लेस्टरची टोपी उडाली. गोळी मात्र कागदाच्या मधोमध लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताकाविरानं वाजवल्या नाहीत. तो कागदाकडं बघतच नव्हता, लेस्टरच्या डोळ्यांकडं बघत होता. बार होण्याआधीच ते मिटले होते.

दुसरी गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली. तिसरीच्या वेळी ताकाविरानं रायफल स्वतःच्या हातात घेतली, खटका मागं ओढला, भरल्यासारखं केलं आणि परत दिली. आत रिकामं काडतूस होतं. क्रेगच्या बापानं त्याला शिकवलेली ही युक्ती होती. जुना बॉस म्हणायचा, माणूस कागदाशी खोटं बोलू शकतो, रिकाम्या रायफलीशी नाही.

लेस्टरनं श्वास धरला, घोडा दाबला. नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि नळीचं तोंड वीतभर खाली गेलं. लाथ बसायच्या आधीच खांदा लाथेला भ्याला होता.

“अरेच्चा! भरायची राहिली वाटतं,” लेस्टर हसून म्हणाला.

ग्वातिझोनं ताकाविराकडं बघितलं. क्रेगनंही बघितलं. तिघांनीही बघायचं ते बघून घेतलं होतं.

दुपारी लेस्टर तंबूत पडला असताना क्रेग चुलीपाशी आला. ताकाविरा आणि ग्वातिझो मक्याचा घट्ट साद्झा आणि वाळवलेल्या माशांचं कालवण खात होते. क्रेग खाली बसला.

“सेकुरू, तो थोरलीच न्यायची म्हणतोय. त्याच्या बापाची आहे म्हणे. बापाला इथं यायचं होतं, जमलं नाही, वारला. म्हणून तिनंच रेडा मारायचाय त्याला. मी नको म्हणू का? बाबा अशा वेळी तुम्हालाच विचारायचे. तुम्ही म्हणाल तसं.”

“नको म्हण,” ग्वातिझो तोंडात घास असतानाच म्हणाला. “त्यात विचारायचं काय?”

“तुला नाही विचारलं, शुंबा. मला विचारलंय.”

“मग तू सांग. नळी वीतभर खाली गेली ती मी एकट्यानं बघितली काय?”

‘बापाची’ हा एकच शब्द ताकाविराच्या डोक्यात अडकून बसला होता.

त्याच्या स्वतःच्या बापाची एक ठासणीची बंदूक होती. बाप गेल्यावर वर्षानं रीतीप्रमाणं बापाचा आत्मा घरी आणला, बिअर ओतली, ढोल वाजले, आणि ती बंदूक थोरल्या भावाच्या हातात दिली. भावानं ती घेतली आणि दोन महिन्यांत एका दुकानदाराला विकली, शहरात जायचं होतं म्हणून. त्याच वर्षी त्याचं मूल गेलं. पुढच्या वर्षी दुसरं. मग बायको. आत्म्याला बोलावणाऱ्या माणसानं सगळ्यांदेखत सांगितलं की बाप रागावलाय, माझं हत्यार कुठंय विचारतोय. बंदूक शोधली, पण ती मिळाली नाही. भाऊ पस्तीस वर्षांचा होऊन मेला. तेव्हापासून कुणाच्या बापाच्या हत्याराविषयी ताकाविरा वेडंवाकडं बोलायचा नाही.

“बापाचं हत्यार हातात घेऊन पोरगा इतक्या लांब आलाय,” तो शेवटी म्हणाला. “ते बाजूला ठेव म्हणून मी कसं सांगू? माझ्या तोंडून ते यायचं नाही. राहू दे. चाळीस पावलांपर्यंत नेऊ त्याला. नेम तेवढा लागेल.”

“मोयो,” ग्वातिझोनं वाडगा खाली ठेवला, “त्याचा मेलेला बाप झाडीत माझ्यापुढं चालणारे का? पुढं मी चालणार. मला विचार की, माझं काय म्हणणंय.”

“तू भित्रा आहेस, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे.”

“आणि तू गाढव आहेस, हे तुझ्या बायकोला ठाऊक आहे.”

क्रेग हसला. ग्वातिझो हसला. साहविऱ्यांचं बोलणं नेहमी असंच संपायचं, तसं तेही संपलं. क्रेग उठून गेला आणि थोरली कॅम्पच्या गाडीत चढली.

दोन दिवस नुसती चाल झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या नदीच्या काठी तीन म्हाताऱ्या रेड्यांचा माग लागला. शेण अजून गरम होतं. ग्वातिझोनं त्यात बोट घालून बघितलं आणि ताकाविराच्या सदऱ्याला पुसलं.

“ताजं आहे. घे, तुझ्या न्याहारीला.”

दहा वाजायच्या सुमाराला मोपानेच्या झाडीत ते दिसले. पाठीवरचे गोचिड टिपणारे पक्षी आधी दिसले, मग शिंगं. तिघांतला जुना रेडा आडवा उभा होता, शिंगांचा माथा दगडासारखा, कान फाटलेले. ताकाविरानं त्यांना चाळीस पावलांवर नेलं, बोलल्याप्रमाणं. तिकाटणं रोवलं. लेस्टरनं थोरली त्यावर ठेवली. नळीत पहिली गोळी मऊ नाकाची, अंगात जाऊन फुलणारी, मागं तीन कडक, ताकाविरानंच भरल्या होत्या. या खेपेला रिकामं काडतूस नव्हतं.

नळीचं तोंड खाली जाताना ताकाविराला दिसलं. बार नंतर ऐकू आला.

रेडा कुबड काढून वाकला आणि झाडीत शिरला. काळजात लागली असती तर तो उसळून पुढं पळाला असता. हा पाठ वाकवून गेला. पोटात लागली होती. लेस्टरनं मागून आणखी एक बार टाकला, तो झाडाच्या शेंड्यात गेला.

ग्वातिझो रक्तापाशी जाऊन बसला. रक्त पातळ होतं आणि त्यात हिरवी चोथ्यासारखी बारीक घाण होती. त्यानं पान उचलून ताकाविराला दाखवलं. या वेळी बोट त्याच्या सदऱ्याला पुसलं नाही.

जखमी केलेलं जनावर सोडून यायचं नसतं. कायदाही तसाच आहे, आणि शेतावर जाणाऱ्या बायकांना ते पुढं गाठतं. जखमेनं ते थकावं म्हणून अर्धा तास थांबले. क्रेगनं आपली दुनळी उघडून गोळ्या तपासल्या. लेस्टर एका ओंडक्यावर बसून सारखं “सॉरी, सॉरी” म्हणत होता.

“शुंबा, मी पुढं होतो,” ताकाविरा म्हणाला.

“तुला कुठं दिसतंय? मोतीबिंदू घेऊन फिरतोस. तू पुढं झालास तर आपण सगळे थेट गावात पोचू.”

“आज तरी ऐक.”

“ऐकायची पाळी तुझी होती,” ग्वातिझो म्हणाला, आणि चालायला लागला.

झाडी अशी दाट की हात पुढं केला तर बोटं दिसेनात. माग सरळ गेला, मग एका वारुळाला वळसा घालून परत मागं आला. रेडा अर्धं वर्तुळ करून आपल्याच मागाच्या कडेला येऊन उभा राहिला होता. ग्वातिझोनं हात वर केला, थांबा म्हणून. तो हात वर असतानाच झाडी फुटली.

क्रेगनं दोन्ही नळ्या झाडल्या. रेडा पडला, पण पडण्याआधी ग्वातिझो त्याच्या शिंगावर होता. मांडी आतून उघडी झाली होती. ताकाविरानं आपला पट्टा काढून आवळला, सदरा कोंबला, वरून गुडघा दाबून धरला. गाडी यायला वीस मिनिटं लागली. इस्पितळ चार तासांवर होतं. ग्वातिझो गाडीत पहिल्या नाल्यापर्यंत जिवंत होता. एकदाच बोलला, पाणी मागितलं. ताकाविरानं बाटली तोंडाला लावली. पाणी गालावरून खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी अधिकारी आला. तंबूच्या सावलीत टेबल मांडून त्यानं सगळं लिहून घेतलं. क्रेगनं सांगितलं की रायफल कायद्यात बसणारी होती, पाहुण्यानं स्वतः निवडली होती, नेम तपासला तेव्हा ठीक होता. ताकाविरा मागं उभा राहून ऐकत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

लेस्टर निघायच्या तयारीत होता. डोळे सुजलेले होते. सामान बांधताना त्यानं थोरली बाजूला काढली आणि क्रेगपुढं धरली. इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतोय?” ताकाविरानं विचारलं.

“म्हणतोय, ही नको त्याला. ठेवून घ्या, नदीत टाका, काहीही करा.”

ताकाविरा दचकला. “त्याला विचार, त्याच्या बापानं हिनं काय काय मारलं?”

क्रेगनं विचारलं. लेस्टर रायफलीकडं बघत बोलला. क्रेगनं टोपी काढून हातात घेतली.

“सांग की.”

“काही नाही मारलं. एकदाच झाडली त्यांनी, खांदा सुजला, मग तीस वर्षं कपाटात पडून होती. शिकार सगळी धाकटीनंच केली. दोन्ही त्यांच्याच.” क्रेगनं धाकटीकडं बोट केलं. “बाप त्याला म्हणायचा, या खेचराला हात लावू नकोस, नेशील तर ती दुसरी ने. यानंच ऐकलं नाही. म्हणतोय, मोठ्या जनावराला मोठी बंदूक लागते असं त्याला वाटलं.”

धाकटी तिथंच पेटीवर आडवी पडलेली होती. दस्त्यावरचं लाकूड एका माणसाच्या हातानं वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत झालं होतं. ताकाविरानं तिला पहिल्या दिवशी हातात घेतलं होतं, झीज बघितली होती, आणि कुणाच्या हाताची ते विचारलं नव्हतं. एक प्रश्न. चुलीपाशी बसल्याबसल्या विचारता आला असता.

तो तिथून निघाला आणि गावाकडं चालू लागला, कारण मयताचं सगळं त्यालाच बघायचं होतं.

साहविरा मेला की जिवंत साहविरानं रडायचं नसतं. खड्डा त्यानं आखायचा, प्रेताला त्यानं हात लावायचा, आणि पुरायच्या आधी लोकांसमोर मेलेल्याचं सोंग करायचं. मेलेला जसा चालायचा, जसा बोलायचा, ज्याच्याशी भांडायचा, ते सगळं. लोकांना हसवायचं. साहविरा जे बोलेल त्याला कुणी हरकत घ्यायची नसते, आणि कुणी ते खरंही धरायचं नसतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्याभोवती सगळं गाव जमलं होतं. क्रेगही आला होता, टोपी हातात धरून, पुरुषांच्या ओळीत खाली बसला होता. ग्वातिझोची बायको माई फाराई सुनांच्या मधे चटईवर बसली होती. दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

ताकाविरानं ग्वातिझोची मळकी टोपी डोक्यावर घातली, एक खांदा पाडला, पाय फेंगडे केले आणि जमिनीकडं नाक लावून चालायला लागला. एका सुनेला हसू फुटलं. तो वाकला, बोटावर माती घेतली, वास घेतला आणि गावच्या पुढाऱ्याच्या सदऱ्याला पुसली. लोक खदखदले. ग्वातिझोच्या आवाजात त्यानं पुढाऱ्याला शिव्या घातल्या, पाद्रीबुवांना शिव्या घातल्या, मका पातळ पेरला म्हणून मेव्हण्याला शिव्या घातल्या. माई फाराईनं पदर तोंडाशी नेला. ती हसत होती.

मग तो थांबला. टोपी डोक्यावर ठेवूनच म्हणाला, “मोयो, नळी खाली गेली ती तू बघितलीस. सांग त्याला, धाकटी ने म्हणून.”

टोपी काढून स्वतःच्या आवाजात म्हणाला, “नाही सांगणार.”

टोपी घातली. “पुढं मी चालणार आहे, मोयो.”

टोपी काढली. “तू भित्रा आहेस.”

लोक पोट धरून हसायला लागले. दोघांचं भांडण सगळ्यांनी जन्मभर ऐकलं होतं, हुबेहूब तसंच होतं.

ताकाविरानं टोपी मुठीत चुरगाळली. “ऐका,” तो म्हणाला. “हे सोंग नाही. हे खरं झालंय. मला विचारलं होतं. मी नको म्हटलं असतं तर तो आज इथं बसून खात असता. मी म्हणालो, बापाचं हत्यार आहे, राहू दे. बापाचं खरं हत्यार ते नव्हतंच. मी मारलंय त्याला.”

हशा आणखी वाढला. म्हाताऱ्यांनी गुडघ्यांवर हात आपटले. साहविरा नेहमी हेच म्हणतो, मी मारला, मला त्याची गाय हवी होती, मला त्याची बायको हवी होती. एकजण ओरडला, “मग आता माई फाराईला घेऊन जा की!”

“विचारा त्याला!” ताकाविरानं क्रेगकडं बोट केलं. “तो तिथं होता. त्यानंच मला विचारलं. क्रेग, सांग यांना.”

सगळ्या माना क्रेगकडं वळल्या. क्रेगला शब्दन् शब्द कळला होता. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ हलले. त्यानं एकदा ताकाविराकडं बघितलं, एकदा ओळीत बसलेल्या पुढाऱ्याकडं. मग त्यानं दोन्ही हात जोडून, गावातली माणसं मानानं वाजवतात तशा, पोकळ टाळ्या वाजवल्या आणि हसला.

गोरा बॉससुद्धा हसला म्हटल्यावर लोकांना आवरेना. बायकांनी जिभा हलवून किलकिलाट केला. माई फाराईनं डोळे पुसले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी पुढं केलेला पेजेचा वाडगा घेतला.

ताकाविरा खड्ड्याच्या कडेला उभा होता. टोपी त्यानं ग्वातिझोच्या छातीवर ठेवायला हात पुढं केला, तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, “थांब रे. ते मोयोचं आणखी एकदा कर. आम्हाला मागं नीट दिसलं नाही.”

साहविऱ्याला खड्ड्यापाशी नाही म्हणता येत नाही. त्यानं टोपी पुन्हा घातली, खांदा पाडला आणि पहिल्यापासून सुरू केलं.